हिरवळीची वळकटी

गावाकडे मे महिन्यात नांगरट झाली की आम्हा नातवंडांना आबांचं, म्हणजे आमच्या आजोबांचं, एकच काम सांगणं असे: हरळीच्या काशा वेचा. उलथलेल्या ढेकळांतून पांढरट-पिवळ्या, सुतळीसारख्या काशा लोंबत असायच्या. एक धरून ओढायला जावं, तर ती संपायचंच नाव घ्यायची नाही. ढेकूळ फुटायचं, आपण मागे मागे सरकायचो आणि शेवटी ती कुठेतरी मधेच तुटायची. मग आबा लांबूनच ओरडायचे, "तुटली का रे? आधी तो तुकडा शोध. एक पेर राहिलं तरी पावसाळ्यात उठते बघ ती!" वेचलेल्या काशा ते बांधावरसुद्धा टाकू देत नसत. कडक उन्हात वाळवायच्या, ढीग करायचा आणि जाळायचा.

आता ऐका. अमेरिकेत जॉर्जिया नावाचं राज्य आहे. तिथले काही शेतकरी याच हरळीच्या एका भावंडाचं बेणं विकत आणतात, ते मैलभर पसरलेल्या सपाट शेतात लावतात, त्याला खत घालतात, पाणी देतात, दर दोन-तीन दिवसांनी कापतात. आणि शेत हिरवंगार भरलं की ते अख्खं शेत जमिनीपासून सोडवून, वळकटी करून विकतात! मुळांसकट, मातीसकट. सकाळी शेतात असलेलं गवत संध्याकाळी शंभर मैलांवरच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर पसरलेलं असतं. या शेतीला तिकडे सॉडची शेती म्हणतात. आपल्याकडे पुण्याजवळ, सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. त्या भागातही लॉन विकायला ठेवलेलं दिसतं. तुकडे किंवा गुंडाळ्या, चौरस फुटाच्या हिशोबाने. पण जॉर्जियातल्या हरळीची गोष्ट मला फार आवडते, म्हणून आज तीच सांगतो.

आधी ओळख पटवून घेऊ. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो ती हीच हरळी. शास्त्रज्ञ तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात आणि डॅक्टिलॉन या शब्दात बोट लपलेलं आहे. हरळीला तुरा आला की नीट बघा. एका दांडीच्या टोकाला तीन-चार-पाच बारीक कणसं, पंजा उघडल्यासारखी. झालं की नाही बोटांचं नाव? अमेरिकेत हिला बर्म्युडा गवत म्हणतात आणि तिथल्या दक्षिणेकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्यांनी हिच्यावर आबांइतकाच राग धरलेला होता.

मग या गवताची वळकटी होते कशी? भाताचं शेत गुंडाळता येईल? मेथीचा वाफा? नाही येणार. उचलायला गेलात तर माती भुसभुशीत गळून पडेल आणि हातात सुटी सुटी रोपं राहतील. हरळीचं तसं नाही. हरळी दोन मजल्यांवर धावते. एक धावणारं खोड जमिनीवरून सरपटतं, दुसरं जमिनीच्या आतून. आतलं म्हणजेच आपली काशी. ती मूळ नाही बरं का, खोडच आहे. उसाच्या कांडीला कशी पेरं असतात आणि पेरावर डोळा असतो, तसंच इथेही. प्रत्येक पेरापासून खाली मुळं सुटतात आणि वर नवा फुटवा येतो. फुटव्यापासून पुन्हा नवी काशी निघते. एक काशी दुसरीच्या वरून जाते, तिसरी दोघींच्या खालून. काही महिन्यांत मातीच्या वरच्या थरात अशी वीण तयार होते, की ती कोणत्याही विणकराने पाहत राहावी. म्हणून मला वाटतं, हा शेतकरी गवत पिकवत नाहीच मुळी. तो गवताकडून सतरंजी विणून घेतो. वरची हिरवी पाती आपल्याला दिसतात, पण पैसे मिळतात ते खालच्या विणीचे.

ही वीण प्रत्येक गवताला जमत नाही. काही गवतं नुसती झुबक्यांनी वाढतात, शेजाऱ्याचा हात धरतच नाहीत. अशांचं लॉन करायचं तर पेरणीच्या वेळी बारीक प्लॅस्टिकची जाळी अंथरावी लागते. हरळीला असली उसनी जाळी लागत नाही.

विणीचा असाच चमत्कार तुमच्याही घरी होतो. नवरात्रातला घट आठवा. पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती, तिच्यात गहू-ज्वारीसारखी सप्तधान्यं, मधोमध कलश. नऊ दिवसांनी घट उठवताना तुम्ही कधी ती माती उचलून बघितली आहे का? ती सांडत नाही. अख्खी चकती एकसंध उचलली जाते, आणि खालून बघितलं तर पांढऱ्या मुळांची दाट चटई! मुळांना खाली जायचं होतं, पण खाली पत्रावळ. मग ती आडवी वळली आणि एकमेकांत गुंतली. लॉन पिकवणारे काही शेतकरी मुद्दाम हीच युक्ती करतात. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, त्यावर बोटभर-दोन बोटं वाळू किंवा खतमाती आणि तिच्यात गवत. मुळं कागदाला टेकली की आडवी पळतात. काढताना पातं चालवावं लागत नाही, एकही मूळ तुटत नाही. नुसती घडी उचलायची.

साध्या शेतात मात्र कापावं लागतं, आणि ते कापणं बघण्यासारखं असतं. शेत आधीच असं सपाट केलेलं असतं, की कुठे खळगा नाही की उंचवटा नाही. लेझरच्या किरणावर पातळी मोजून जमीन सारखी करतात. दगड तर एकही ठेवत नाहीत. ट्रॅक्टरच्या बाजूला लावलेलं यंत्र पुढे सरकतं. त्याचं चपटं पातं जमिनीच्या आत, जेमतेम तुमच्या करंगळीच्या जाडीएवढ्या खोलीवर, थरथरत पुढे जातं. आई सुरीने वड्या पाडते, मग उलथनं घालून ताटातून वडी सोडवते ना? अगदी तसं. सुटलेली हिरवी पट्टी एका फिरत्या पट्ट्यावरून वर चढते आणि वरच्या टोकाला तिची आपोआप वळकटी होते किंवा लादीएवढे तुकडे पडतात. नव्या यंत्रांना तर यांत्रिक हात असतात. ते तुकडे उचलून लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचतात. अशा एका चौकटीवर साधारण ४०० ते ५०० चौरस फूट लॉन मावतं आणि त्याचं वजन टनभर किंवा त्याहूनही जास्त भरतं.

तुम्ही म्हणाल, "मग शेतातली माती संपत नाही का?" फार चांगला प्रश्न आहे हा. माती जातेच थोडी. म्हणून तर पातं शक्य तितकं वरच्या वर चालवतात. त्या पातळ थरात मुळं, काशा आणि गवताचा कुजका पाचोळाच पुष्कळ असतो, निव्वळ माती त्या मानाने कमी. शिवाय पातळ कापलेलं लॉन नव्या जागी लवकर रुजतं, म्हणजे शेतकऱ्यालाही पातळ कापण्यातच फायदा.

हरळीच्या शेतात पुढचं पीक पेरावं लागतच नाही. काढणी करताना यंत्र दोन पट्ट्यांच्या मधे काही इंचांची एक बारीक ओळ मुद्दाम सोडून जातं. काढणीनंतर शेत कसं दिसतं माहीत आहे? तांबड्या मातीवर हिरव्या रेघा ओढल्यासारखं. त्या रेघांमधून हरळी दोन्ही बाजूंना हात पसरते. खाली राहिलेल्या काशांची पेरंही डोळे उघडतात, आणि काही महिन्यांत शेत पुन्हा भरून येतं. आबा ज्या गुणाला वैतागले होते तोच हा गुण: एक पेर राहिलं तरी उठते!

आता कापण्याबद्दल. गवत सारखं कापलं तर ते मरत कसं नाही, हा प्रश्न मला लहानपणी फार छळायचा. गुलाबाचा शेंडा खुडला की ती फांदी त्या टोकाने वाढायची थांबते. हरळीला मात्र गाय चावते, बकरी चावते, यंत्र कापतं, तरी ती आपली वर येतच राहते. का? कारण गवताचं पान टोकाशी वाढत नाही, ते बुडाशी वाढतं. वाढणारा भाग जमिनीलगत, आवरणात दडलेला असतो. तिथून पान वर ढकललं जातं, टूथपेस्टच्या नळीतून पेस्ट वर यावी तसं. तुम्ही कापता ते जुनं टोक. कारखाना खाली सुखरूप.

खोटं वाटतंय? करूनच बघा. एका पसरट डब्यात माती घेऊन मूठभर गहू पेरा. आठवड्याभरात हिरवे कोंब येतील. नुकतं वर येऊ लागलेलं, सगळ्यात कोवळं पान निवडा आणि त्यावर बारीक पेनाने दोन ठिपके काढा, बोटभर अंतरावर. त्याच पानाचा शेंडा कात्रीने सरळ आडवा कापून टाका. रोज पट्टी लावून बघा. दोन ठिपक्यांमधलं अंतर तेवढंच राहील, पण दोन्ही ठिपके मातीपासून वर वर जातील. आणि तो कापलेला शेंडा? त्याला नवं टोक फुटणार नाही. तो तसाच चपटा, कात्रीची खूण मिरवत वर चढत राहील. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्या चपट्या टोकाकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

कापण्याचा आणखी एक फायदा आहे. शेंडे जात राहिले की गवत उंची सोडून बाजूला फुटवे काढतं आणि वीण दाट होते. पण एका वेळी फार कापायचं नाही, उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. पानं म्हणजे गवताचं स्वयंपाकघर. सगळंच कापलं तर अन्न करणार कुठे?

आता थोडं हरळीच्या त्या भावंडाविषयी, ज्याचं बेणं जॉर्जियातले शेतकरी विकत आणतात. जॉर्जियात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन हे शास्त्रज्ञ १९३६ पासून गवतांवर काम करत होते. ज्या हरळीला शेतकरी शिव्या देत, तिच्यातूनच त्यांनी गुरांसाठी उत्तम चारा देणारी जात काढली. १९५४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून त्यांच्याकडे हरळीच्या एका आफ्रिकन चुलतबहिणीचं बी आलं होतं. ते पेरलं, तेव्हा त्यात एक रोप वेगळंच निघालं. दाट, बारीक पानांचं, गर्द हिरवं. ती आफ्रिकन हरळी आणि आपली हरळी यांचा तो आपोआप झालेला संकर होता. बर्टन यांनी ते रोप ओळखलं, जपलं, वाढवलं, आणि १९६० मध्ये टिफवे नावाने ते शेतकऱ्यांना दिलं. जगभरच्या किती मैदानांवर आज हे गवत आहे! आणि त्याला बी धरत नाही. केळीला जसं बी नसतं आणि आपण मुनवे लावून केळीची बाग वाढवतो, तसं टिफवेचे तुकडेच लावावे लागतात. म्हणजे कल्पना करा, जगातलं सगळं टिफवे हे त्या एकाच रोपाचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे आणि त्यांचेही तुकडे! ते एक रोप त्या दिवशी नजरेतून सुटलं असतं तर?

याच बर्टन यांचा तुमच्या जेवणाच्या ताटाशीही संबंध आहे. हरळीप्रमाणेच बाजरीही गवताच्याच कुळातली. बर्टन यांनी टिफ्टनमध्ये बाजरीचं टिफ्ट २३ए नावाचं एक वाण तयार केलं. ते संकरासाठी फार सोयीचं होतं. ते भारतात आलं. लुधियानात डॉ. दिलबागसिंग अठवाल यांनी ते आई म्हणून वापरलं आणि १९६५ मध्ये भारतातली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, शेतकऱ्यांच्या हाती आली. हे वाचल्यापासून भाकरी मोडताना मला टिफ्टनची आठवण येते.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९९४ साली फुटबॉलचा विश्वचषक अमेरिकेत होणार होता. मिशिगन राज्यातल्या पॉन्टियाक गावी सिल्व्हरडोम नावाचं भलंमोठं स्टेडियम होतं. सामने तिथे ठरले, पण अडचण अशी, की स्टेडियमवर कापडाचं छत होतं, आतल्या हवेच्या दाबाने फुगवून तोललेलं. आत ऊन जेमतेम झिरपायचं. आणि फिफाची अट: खेळ खऱ्या गवतावरच होणार!

उन्हाशिवाय गवत कसं वाढवायचं? घटाचं धान आठवा. देवघराच्या कोपऱ्यातलं धान कसं असतं? पिवळसर, लांबुडकं, लगेच वाकणारं. उजेड शोधत ते नुसतं उंच होतं, अंगात बळ नसतं. अशा गवतावर बूट घातलेले बावीस खेळाडू धावले तर काय उरणार?

मिशिगन स्टेट विद्यापीठातले ट्रे रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतलं. आधी त्यांनी विद्यापीठाच्या आवारात तशाच छताचा छोटा घुमट उभारला आणि त्यात गवत वाढवून बघितलं. मग त्यांनी ठरवलं, की गवत आत वाढवायचंच नाही. वाढेल ते बाहेर, उन्हात. आत येईल फक्त खेळापुरतं! स्टेडियमच्या गाड्या लावायच्या जागेत त्यांनी मोठमोठ्या लोखंडी परातींसारख्या षटकोनी चौकटी मांडल्या, जवळजवळ दोन हजार. त्यांत माती भरली आणि वर शेतातून आणलेलं लॉन अंथरलं. भरलेली एकेक चौकट टनाहून जड. षटकोनच का? मधमाश्यांच्या पोळ्यात बघा. षटकोनी खोल्या एकमेकींना चिकटून बसतात, मधे फट राहत नाही. उन्हात गवत धष्टपुष्ट झालं, मग उचलयंत्रांनी एकेक चौकट आत नेली आणि फरशी बसवावी तशी जोडली. बघता बघता बंद घुमटात हिरवं मैदान तयार!

१९९३ च्या जून महिन्यात जर्मनी आणि इंग्लंड यांचा सामना खेळवून आधी परीक्षा घेतली. गवत पास झालं. १८ जून १९९४ ला अमेरिका आणि स्वित्झर्लंड तिथे खेळले. विश्वचषकाच्या इतिहासात छताखाली झालेला तो पहिला सामना. निकाल लागला १-१. मला विचाराल तर त्या दिवशी जिंकलं ते गवत. रॉजर्स यांच्या हाताखाली तेव्हा जॉन सोरोचन नावाचा एक विद्यार्थी राबत होता. पुढे तोही गवताचा प्राध्यापक झाला, टेनेसी विद्यापीठात. आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी मैदानांच्या गवताचं संशोधन फिफाने सोपवलं ते याच दोघांच्या विद्यापीठांकडे.

लॉनच्या प्रवासाचं मात्र सांगायचंच राहिलं. आंब्याच्या अढीत कधी हात घातला आहे? आत ऊब लागते. आंबे श्वास घेत असतात, आणि श्वासात साखर जळते तशी उष्णता निघते. गुंडाळलेलं लॉनही जिवंत असतं, तेही श्वास घेतं. चौकटीवर थरावर थर रचले की ती ऊब बाहेर पडायला वाट मिळत नाही. मधले थर तापत जातात, पिवळे पडतात आणि मग गवत चक्क शिजून मरतं. म्हणून उन्हाळ्यात काढणी पहाटेच होते, कधी कधी दिवे लावून. कापल्यापासून दिवसभरात लॉन नव्या जागी अंथरलंच पाहिजे. अंथरलं की भरपूर पाणी. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी माळी एका तुकड्याचा कोपरा चिमटीत धरून हळूच वर ओढतो. सहज उचलला गेला तर अजून थांबायचं. जमिनीने तो घट्ट धरून ठेवला, तर नवी मुळं खाली उतरली.

पाण्याचं मात्र मला मनापासून सांगायचं आहे. ज्या गावात टँकरची वाट बघत हंडे रांगेत ठेवतात, तिथे बंगल्यासमोर लॉन भिजवणं मला बघवत नाही. मुलं खेळतील, पडली तर लागणार नाही, अशा मैदानावर मात्र ते जरूर असावं. आणि तेही शक्यतो वापरलेल्या, शुद्ध केलेल्या पाण्यावर.

हे सगळं मी एकदा आबांना सांगितलं होतं. ते ओट्यावर बसले होते. टिफवे, वळकट्या, यंत्राचे हात, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "विकत घेतात? हरळी?" एवढंच एकदा विचारलं. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "ते खरं रे. पण उद्या त्या शेतात त्यांना दुसरी जात लावायची झाली, तर ही आधीची काढतात कशी?"

मी शोधून काढलं. तिथल्या शेतकऱ्यांची खरोखर हीच सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. तणनाशकं फवारतात, नांगरतात, वाट बघतात, पुन्हा फवारतात, तरी नव्या गवतात जुनीचा एखादा ठिपका डोकं वर काढतोच. मी आबांना तसं सांगितलं.

आबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "एक पेर राहिलं असणार."